टाचणी लावलेलं पान

शोकान्त नाटकात किती माणसं मरतात, यावर ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बेंडिगोत नाटकाची किंमत ठरायची. तिघांपेक्षा कमी मेली तर प्रेक्षकांना आपण फसलो असं वाटे. पाच मेली तर लोक तृप्त मनाने घरी जात आणि दुसऱ्या दिवशी खाणीत उतरताना कोण कसं मेलं याची बारीक चर्चा करत. सरकारी कागदांवर गावाचं नाव सँडहर्स्ट असं होतं, पण ते नाव फक्त सरकारच घेई. गावात सोनं होतं, सोन्यापेक्षा चिखल जास्त होता, आणि चिखलाच्याही वर आपलं डोकं काढून उभं होतं ते कॉरोनेट थिएटर.

या कॉरोनेटच्या डाव्या विंगेत, गॅसच्या दिव्याखाली, एका तिपाईवर जेबेझ पॅस्को अकरा वर्षं बसला. तो प्रॉम्प्टर होता, म्हणजे नटाला विसरलेलं वाक्य आडून कुजबुजून देणारा. मूळचा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा, पिढीजात खाणकामगार. सोन्यासाठी जहाजात बसून आला आणि दुसऱ्याच वर्षी खाणीतला एक आधाराचा खांब त्याच्या पायावर आला. पाय वाचला, पण वाकडा राहिला. वाचता येणारा आणि फार हलता न येणारा माणूस, म्हणून नाटकवाल्यांनी त्याला उचलला. त्याला नाटक आवडतं का, हे कोणी विचारलं नाही. त्यानेही कधी सांगितलं नाही.

त्याची कुजबुज मात्र ऐकण्यासारखी होती, म्हणजे ज्याला ऐकू यायला हवी त्यालाच ऐकू येई. रंगमंचाच्या पार उजव्या टोकाला छातीत खंजीर खुपसून घेतलेल्या नटापर्यंत ती पोचे आणि पहिल्या बाकावर बसलेल्या माणसाला तिचा वाससुद्धा लागत नसे. हे कसं जमतं, असं विचारलं तर जेबेझ म्हणे, "खाणीत ओरडलं की दगड पडतात. तिथे शिकलो."

त्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. पुस्तकात नाही ते त्याने कधी कोणाच्या तोंडात घातलं नव्हतं. नट विसरला, घसरला, उताणा पडला, तरी जेबेझ त्याला पुस्तकातलं वाक्य देई, आणि घेईपर्यंत देतच राही.

आमचा मुख्य नट ऑगस्टस क्रेक. स्वतःच्या सांगण्याप्रमाणे तो लंडनमध्ये मोठमोठ्या नटांबरोबर उभा राहिला होता. उभा राहिला असणारच, भाला घेऊन. पण बेंडिगोत तो राजा होता. आवाज असा, की शेजारच्या कारखान्यातले दगड फोडणारी लोखंडी मुसळं एक क्षण थांबल्यासारखी वाटत. स्मरणशक्ती जेवणापर्यंत उत्तम. जेवणानंतर, आणि जेवणाबरोबर काळी बियर झाल्यानंतर, तो पूर्णपणे जेबेझचा होई.

ईस्टरच्या सुमारास या क्रेकने एक घोळ घातला. तो रोमन सेनापती झाला होता. मुलाच्या प्रेतावर वाकलेला असताना गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "क्रेक, उठ लवकर, बार बंद होतोय!" सेनापती उठले, पुढे आले आणि त्या माणसाला रोमन नसलेल्या भाषेत पाच मिनिटं उत्तर देऊन परत प्रेतावर वाकले. गावाने टाळ्या दिल्या. वर्तमानपत्राने मात्र लिहिलं, की रोमन सैन्याला आमच्या गावातल्या बियरची एवढी माहिती असल्याचं इतिहासात आढळत नाही.

थिएटरचे मालक कॉर्नेलियस बेलचेंबर हे वाचून लाल झाले. क्रेकला काढणं शक्य नव्हतं. शंभर मैलांत दुसरा राजा नव्हता. मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि बोट जेबेझकडे केलं.

"पॅस्को, यापुढे या मंचावर पुस्तकाबाहेरचा एक शब्द पडला, तर तुझी तिपाई रिकामी. मेलबर्नचा एक माणूस माझ्या मागे लागलाच आहे कामासाठी."

"पण मालक, बोलले क्रेकसाहेब."

"क्रेकला आवरणं हे कोणाचं काम?"

"देवाचं," जेबेझ म्हणाला.

"देव माझ्या पगारावर नाही. तू आहेस."

त्या पगारावर जेबेझचं घर चालत होतं, पण खरं सांगायचं तर प्रश्न पगाराचा नव्हता. वाकड्या पायाच्या माणसाला बेंडिगोत बसायला दोनच जागा होत्या. एक ती तिपाई आणि दुसरी दारूच्या गुत्त्याबाहेरचं बाकडं. त्या बाकड्यावर बसलेली माणसं तो रोज जाता-येता बघत होता.

त्यानंतर महिन्याभराने इंग्लंडच्या टपालातून नवं नाटक आलं, 'ओडरिक, अथवा वेशीची किल्ली'. लंडनमध्ये नुकतंच गाजलेलं, पाच अंकी, पाच मृत्यू. छापील प्रत नव्हती. तिकडच्या कुठल्याशा थिएटरातल्या नक्कलकाराने हाताने उतरून पाठवलेली होती. गोष्ट सोपी होती. ओडरिक हा एका शहराच्या वेशीचा म्हातारा राखणदार सरदार. शत्रूला वेस उघडील त्याला मृत्यू, अशी शपथ त्याने सगळ्या शहराला घातलेली. वेस उघडते त्याचीच मुलगी, प्रेमापोटी. मग शपथ पाळायची की मुलगी वाचवायची यावर ओडरिक तीन अंक बोलतो, तोपर्यंत मुलगी विष घेते. शेवटी मुलीचं प्रेत मांडीवर, आणि एक शिपाई येऊन विचारतो, "सरकार, वेस लावून घेऊ का?" त्यावर ओडरिकचं एक वाक्य, आणि पडदा.

ते वाक्य कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटलं नाही. कारण नाटकवाल्यांचा जुना रिवाज असा, की नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही. म्हटलं तर नाटक तालमीतच पुरं झालं, आणि पुरं झालेलं नाटक लोकांपुढे उभं राहत नाही. म्हणून शेवटच्या वाक्याच्या जागी नट 'टम टम टम' म्हणतो आणि सगळे घरी जातात. कॉरोनेटमध्ये हा रिवाज आणखी कडक होता. जेबेझ नटाच्या नकलेत, म्हणजे त्याच्या भाषणांच्या उताऱ्यात, ते वाक्य लिहीतच नसे. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी एका चिठ्ठीवर लिहून हातात देई.

लंडनहून आलेल्या प्रतीचं शेवटचं पान दुमडून त्याला टाचणी लावलेली होती. ती बघून जेबेझला फार बरं वाटलं. "लंडनमध्येही रीत जाणणारी माणसं आहेत म्हणायची," तो म्हणाला, आणि टाचणीला हात न लावता त्याने बाकीच्या सगळ्या नकला उतरल्या. सहा आठवडे तालमी झाल्या. सहा आठवडे क्रेक मुलीचं प्रेत मांडीवर घेऊन आकाशाकडे बघत, डोळ्यांत पाणी आणून, घनगंभीर आवाजात 'टम टम टम' म्हणाला. त्यावर एकदा मिसेस हॅलोवे, म्हणजे ते प्रेत, खरंच रडली.

पहिला प्रयोग शनिवारी होता. दुपारी जेबेझ तिपाईवर बसला, शाई-लेखणी घेतली, चिठ्ठीचा कागद फाडला आणि टाचणी काढली. पान कोरं होतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'शेवटचे वाक्य रिवाजाप्रमाणे येथे लिहिलेले नाही. पुढील टपालाने स्वतंत्र पत्री पाठवीत आहे.'

इंग्लंडचं टपाल महिन्यातून एकदा येई, तेही वादळाने परवानगी दिली तर, आणि मधल्या टपालात असलं पत्र आलेलं नव्हतं.

जेबेझने ते पान उलटून पाहिलं, दिव्यापुढे धरून पाहिलं, मग परत दुमडून टाचणी जागेवर लावली. मालकाला सांगावं, तर सहा आठवडे शेवट नसलेलं पुस्तक जपून ठेवणारा प्रॉम्प्टर कोण ठेवील? न सांगावं, तर क्रेक प्रेक्षकांपुढे जे तोंडाला येईल ते बोलेल, आणि तिपाई जाईलच. तिसरा मार्ग एकच, स्वतः वाक्य करायचं. म्हणजे अकरा वर्षं जे केलं नाही तेच.

त्याने घरी जाऊन सात वाक्यं केली. प्रत्येक वाक्यात 'नियती' होती. चौथ्यात दोनदा होती.

स्वयंपाकघरात त्याची बायको लव्हडे पेस्ट्या करत होती. मांस, बटाटा, कांदा कणकेत भरून कड दुमडायचं तिचं काम चाललं होतं. लव्हडे चॅपेलची कट्टर बाई. नाटक हे सैतानाचं अंगण आहे यावर तिचा विश्वास इतका पक्का, की नवरा कुठे कामाला जातो हे अकरा वर्षं तिने कोणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. "गावात असतो," एवढंच म्हणे.

"लव्हडे," जेबेझ म्हणाला, "समज, एका म्हाताऱ्याची मुलगी मेली."

"कोणाची? बोसॅन्कोंची? कालपर्यंत चांगली होती!"

"कोणाची नाही गं. नुसतं समज. एकुलती एक मुलगी मेलीय. आणि गडी येऊन विचारतो, दार लावून घेऊ का? तर तो म्हातारा काय म्हणेल?"

"गडी बावळट आहे," लव्हडे म्हणाली. "अशा वेळी असलं विचारतात का?"

"विचारलंय त्याने. आता म्हातारा काय म्हणेल ते सांग."

लव्हडेने पेस्टीची एक कड पुरी दुमडली. "काय म्हणणार? राहू दे उघडं म्हणेल. आता काय राखायचंय?"

जेबेझने ते आपल्या सात वाक्यांखाली उतरून घेतलं. मग म्हणाला, "हे जरा छंदात बसवून..."

"ज्याची मुलगी मेली तो छंदात बोलतो?" लव्हडे म्हणाली. "तू ते पीठ सांडलंयस ते पूस आधी."

संध्याकाळी क्रेकच्या हातात चिठ्ठी पडली: 'उघडीच राहू दे. आता काय राखायचंय?' क्रेकने ती वाचली, उलटी करून मागे काही आहे का पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच, क्रेकसाहेब."

"पाच अंक बोलून शेवटी एवढंच? नियती कुठाय? आकाश कुठाय? अरे, मी हात कधी वर करू?"

"हात करू नका. बसूनच म्हणा."

"बसून!" क्रेक म्हणाला. "लंडनच्या माणसांना झालंय काय?"

पण वेळ उरला नव्हता, आणि जेवण झालेलं होतं. त्यामुळे दुसरं काही सुचण्याचा धोकाही नव्हता. त्या दिवशी कॉरोनेट शिगोशीग भरलं होतं. पिटात, म्हणजे मंचासमोरच्या स्वस्त जागेत, खाणकामगार मांडीला मांडी लावून, गॅलरीत त्यांच्यापेक्षा जास्त. एकामागून एक चार मृत्यू झाले आणि प्रत्येकाला रास्त दाद मिळाली. पाचव्याला मिसेस हॅलोवे मेली. शिपाई आला आणि त्याने विचारलं. क्रेकने विंगेकडे पाहिलं. अंधारातून जेबेझची कुजबुज आली. आणि क्रेक, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, हळू बोलला.

"उघडीच राहू दे. आता काय राखायचंय?"

पडदा पडला. पिटात एकाने नाक शिंकरलं, मग दहा जणांनी शिंकरलं, आणि मग जो गजर उठला त्याने वरच्या पत्र्यावरची धूळ खाली आली.

पुढे सात आठवडे 'ओडरिक' चाललं. आमच्याकडे एवढे दिवस फक्त ताप चालतो. ते वाक्य गावात पसरलं. सोनं न लागलेली खाण सोडताना माणसं झडप उघडी टाकून तेच म्हणत. एका शिंप्याने दुकान बंद करताना ते पाटीवर लिहिलं. आणि एका रविवारी चॅपेलचे पाद्री, ज्यांनी नाटकगृहाच्या पायरीला कधी पाय लावला नव्हता, त्यांनी हे वाक्य कुठून तरी ऐकून ऐहिक संपत्तीवरच्या प्रवचनात दोनदा वापरलं. लव्हडे तिसऱ्या बाकावर बसून मान डोलवत होती. घरी येऊन ती म्हणाली, "आज पाद्रीबाबा फार छान बोलले. तुझ्यासारख्याने ऐकायला हवं होतं."

जेबेझने तोंडात पेस्टी भरली.

मग टपाल आलं. त्यात लंडनच्या नक्कलकाराचं रखडलेलं पत्र होतं, आणि पत्रात ते वाक्य. मी ते नंतर स्वतः पाहिलं आहे, म्हणून जसंच्या तसं देतो: 'हे क्रूर नियते! या वेशीसंगे मिटव माझेही नयन-कपाट, की या धवल कलेवराच्या संगमरवरी शांततेत ओडरिकाचे नाम युगानुयुगे निनादो!'

एका वाक्यात शांतताही होती आणि निनादही. जेबेझने ते पाच-सहा वेळा वाचलं आणि पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. तिथे ते तीन दिवस राहिलं. चूल पेटलेली होती, पत्र लहान होतं, आणि या जगात त्याच्याशिवाय कोणाला काही कळलं नसतं. तीन दिवस त्याने नीट खाल्लं नाही. चौथ्या दिवशी लव्हडेने ताटलीच उचलली.

"पोटात दुखतंय की मनात? पोटात असेल तर एरंडेल आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. लव्हडे खुर्चीवर बसली. मग उठली, दार लावून घेतलं आणि परत बसली.

"माझं? नाटकात?"

"हो."

"रोज? ते दारू पिणारं माणूस म्हणतं?"

"रोज."

"आणि पाद्रीबाबा म्हणाले ते...?"

"तेही तुझंच."

लव्हडेच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाप होतं की अभिमान, हे जेबेझला ठरवता आलं नाही. मग ती म्हणाली, "त्या माणसाचं नाटक, तर त्याचं वाक्य त्याला दे. माझं मला परत आण. आणि मालकाला सांग."

"तिपाई जाईल, लव्हडे."

"जाऊ दे. पण पुस्तकात नाही ते तू बोलत नाहीस, असं अकरा वर्षं ऐकतेय मी तुझ्याकडून. दुसरं काहीच ऐकलं नाहीये."

जेबेझने बेलचेंबरांच्या टेबलावर पत्र ठेवलं. मालकांनी ते वाचलं. मग कोरं पान पाहिलं, टाचणी पाहिली, आणि शेवटी जेबेझला पाहिलं.

"म्हणजे गेले सात आठवडे माझ्या मंचावर जे चाललंय, ते कोणी लिहिलंय?"

"पुस्तकाबाहेरचं आहे, मालक," जेबेझ म्हणाला. बायकोचं नाव त्याने घेतलं नाही.

"माझा नियम ठाऊक आहे?"

"माझ्यासाठीच केलात. ठाऊक असणारच."

बेलचेंबर खोलीत फेऱ्या मारू लागले. नियम त्यांनी सगळ्यांदेखत केला होता. दुसरीकडे, सगळा गाव ते वाक्य ऐकायला येत होता. शेवटी ते म्हणाले, "शनिवारी खरं वाक्य होईल. आणि शनिवारी मी तुझ्या विंगेत येईन, तेव्हा तुझं काय ते बघू. पुस्तकाबाहेरचं परत ऐकू आलं तर बघायचंही कारण नाही."

क्रेकला नवी चिठ्ठी मिळाली तेव्हा तो आनंदाने अक्षरशः उडाला. "बघ! नियती! मी म्हणत नव्हतो? दोन्ही हात वर करता येतील!"

शनिवारी जेबेझने चष्म्याची डबी, उशी आणि चहाचा पत्र्याचा पेला आधीच कापडात बांधून तिपाईखाली ठेवले. पाचवा अंक आला, मिसेस हॅलोवे मेली, शिपायाने विचारलं. क्रेक उभा राहिला, मुलीला जमिनीवर ठेवून. दोन्ही हात वर गेले. आणि नियतीपासून निनादापर्यंतचं सगळं वाक्य त्याने एकही शब्द न चुकता म्हटलं. जेबेझला ओठसुद्धा हलवावे लागले नाहीत.

पडदा पडायला लागला. तो अर्ध्यावर असताना पिटातून एक घोगरा आवाज आला, "उघडीच राहू दे!" आणि मग सगळं पिट, त्यामागून सगळी गॅलरी, शेदोनशे छात्या एकदम म्हणाल्या, "आता काय राखायचंय?"

मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. बहुधा स्वतःलाच. क्रेक हात वर धरून, पडद्यामागे, तसाच उभा होता.

बेलचेंबर विंगेत आले. जेबेझ उभा राहिला. गाठोडं त्याने काखेत घेतलेलं होतं.

"पॅस्को, मंचावर पुस्तकाबाहेरचा शब्द पडला?"

"मंचावर नाही, मालक. पण..."

"मंचावर नाही ना? मग झालं. पिटाला कोणी प्रॉम्प्टर नेमलेला नाही. आणि नेमणारही नाही, ते बरंच बोलतात. आता सोमवारपासून पडदा जरा सावकाश पाडायला सांग, म्हणजे त्यांना पुरेसा वेळ मिळेल."

"आणि मेलबर्नचा तो माणूस?"

"तो एकदा म्हणाला होता, की तुम्ही सांगाल ते करीन. असली माणसं मला चालत नाहीत. तुझ्या काखेत काय आहे ते?"

"उशी."

"मग बस तिच्यावर. क्रेकला कोणीतरी हात खाली करायला सांगा."

शोकान्त नाटकानंतर आमच्याकडे एक छोटं प्रहसन असे, कारण रडून घरी गेलेला माणूस परत येतोच असं नाही. त्याची घंटा झाली. जेबेझने गाठोडं सोडलं, उशी तिपाईवर टाकली, चष्मा पुसला आणि प्रहसनाचं पुस्तक उघडलं. पहिलं वाक्य मोलकरणीचं होतं. ती विसरली होती.